सत्ताधारी बाकावरचा प्रश्नकर्ता

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर उमटणारे चित्र आता घरोघरी परिचयाचे झाले आहे. विरोधी बाकांवरून घोषणा, हातात फलक, अध्यक्षांच्या आसनापुढील हौद्यात धाव, आणि समोरच्या बाकांवरून तितक्याच त्वेषाने दिलेली प्रत्युत्तरे. या गदारोळात लोकसभेचा जो तास हमखास वाहून जातो तो प्रश्नोत्तरांचा असतो, कारण दिवसाच्या कामकाजाचा आरंभच त्या तासाने होतो. मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यावयाचे वीस तारांकित प्रश्न त्या दिवसाच्या यादीत असतात. गोंधळ झाला की मंत्रिमहोदयांची उत्तरे निमूटपणे पटलावर ठेवली जातात आणि उपप्रश्नांच्या भडिमारातून त्यांची आपोआप सुटका होते. गोंधळ घालणाऱ्यांना हे कळत नसेल असे मानण्याचे कारण नाही.

परंतु या चित्रात आणखी एक गृहीतक दडलेले आहे व त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. सरकारला जाब विचारणे हे विरोधकांचे काम आणि सरकारची पाठराखण करणे हे सत्ताधारी सदस्यांचे काम, अशी एक वाटणी आपल्या सार्वजनिक जीवनात रूढ होऊन बसली आहे. राज्यघटनेत ही वाटणी कोठेही नाही. घटनेचा ७५ वा अनुच्छेद मंत्रिमंडळाला सामूहिकरीत्या जबाबदार धरतो तो लोकसभेला, केवळ विरोधी पक्षाला नव्हे. मंत्री नसलेला सत्ताधारी पक्षाचा सदस्य हादेखील त्या लोकसभेचा तितकाच घटक आहे, आणि मंत्र्याने त्यालाही उत्तर देणे लागते. या तत्त्वाचा सर्वांत लखलखीत पुरावा स्वतंत्र भारताच्या संसदेत १९५५ ते १९६० या अवघ्या पाच वर्षांत एका काँग्रेस खासदाराने दिला. तो खासदार पंतप्रधानांचा जावई होता.

फिरोज गांधी यांचे नाव आज ज्या संदर्भात घेतले जाते ते पाहून खेद वाटतो. काँग्रेस पक्षाच्या जयंती-पुण्यतिथ्यांच्या गर्दीत त्यांना फारसे स्थान नाही. नेहरू, इंदिरा, राजीव अशी जी परंपरा पक्षाच्या फलकांवर रंगविली जाते, तीत ज्यांच्यामुळे ‘गांधी’ हे आडनाव त्या घराण्यात आले त्यांचाच चेहरा सहसा नसतो. दुसऱ्या बाजूला समाजमाध्यमांवर त्यांच्या धर्माविषयी आणि आडनावाविषयी नाना प्रकारच्या भाकडकथा फिरत असतात, आणि राष्ट्रीय विचारांचे म्हणविणारे काही उत्साही कार्यकर्तेही त्या पुढे ढकलीत असतात. वस्तुस्थिती अगदी साधी आहे. फिरोज जहांगीर गांधी हे मूळच्या भरूचच्या पारशी कुटुंबातील. १२ सप्टेंबर १९१२ रोजी त्यांचा जन्म मुंबईत झाला, वाढले ते प्रयागला आपल्या मावशीकडे, स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला आणि १९४२ मध्ये त्यांचा इंदिराजींशी विवाह झाला. आडनावाच्या इंग्रजी अक्षरांत थोडा बदल झाला, एवढेच. खोट्या निरोपांत वेळ दवडणाऱ्यांनी त्यांच्या लोकसभेतील भाषणांवर एक नजर टाकली असती, तर घराणेशाहीविरुद्धचा कितीतरी अधिक सबळ युक्तिवाद त्यांच्या हाती लागला असता.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत रायबरेली-प्रतापगढ परिसरातून निवडून आल्यानंतर पहिली साडेतीन वर्षे हा खासदार मागच्या बाकावर जवळजवळ गप्प बसून होता. सासरे पंतप्रधान, पत्नी पंतप्रधानांच्या निवासस्थानी यजमानीण. अशा माणसाने मौन बाळगले तर त्यात कोणाला नवल वाटले नाही. डिसेंबर १९५५ मध्ये विमा कायद्याच्या दुरुस्तीवरील चर्चेत ते उभे राहिले आणि सभागृह स्तब्ध झाले. रामकृष्ण दालमिया यांच्या ताब्यातील भारत इन्शुरन्स कंपनीतून विमाधारकांचे दोन कोटींहून अधिक रुपये कसे वळविण्यात आले, याचा हिशेब त्यांनी कागदोपत्री मांडला. भावनेला आवाहन नव्हते, शिवराळपणा नव्हता. कंपन्यांचे ताळेबंद, समभागांचे व्यवहार, संचालकांची नावे. एकेक धागा उलगडत ते पुढे जात राहिले. दालमियांना पुढे कारावास भोगावा लागला.

त्या वेळी अर्थमंत्रिपदी चिंतामणराव देशमुख होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाबा जिल्ह्याचे लोकसभेतील प्रतिनिधी, करड्या शिस्तीचे प्रशासक. खासगी विमा कंपन्यांच्या गैरव्यवहारांनी सरकार आधीच अस्वस्थ होते; १९ जानेवारी १९५६ रोजी अध्यादेश निघाला आणि आयुर्विम्याचा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला. देशी, विदेशी कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ घटक एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. मात्र महामंडळाचा जन्म होईपर्यंत त्याचे शिल्पकार पदावर राहिलेले नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर महाराष्ट्राला मिळालेल्या वागणुकीचा निषेध म्हणून देशमुखांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले. मराठी माणसाने संयुक्त महाराष्ट्राच्या निमित्ताने हा राजीनामा लक्षात ठेवला. त्याचा आर्थिक कारभारावर काय परिणाम झाला असेल, याचा विचार मात्र क्वचितच झाला.

दालमियांवरील भाषणानंतर फिरोज गांधींच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. सभागृहात बोललेल्या शब्दांसाठी खासदारावर दावा लावता येत नाही. घटनेच्या १०५ व्या अनुच्छेदाने त्याला संरक्षण दिले आहे. पण तेच शब्द छापणाऱ्या वृत्तपत्राला असे निर्विवाद कवच नव्हते. बदनामीच्या खटल्याची टांगती तलवार असताना कोणता संपादक धनाढ्यांची नावे छापण्याचे धाडस करील? आणि छापलेच नाही तर संसदेत बोललेले मतदारापर्यंत पोहोचणार कसे? तेव्हा दूरदर्शनवरील थेट प्रक्षेपण नव्हते. लोकसभेच्या भिंतींच्या आत उच्चारलेला प्रश्न त्या भिंतींच्या आतच विरून जाण्याची सोय कायद्याने करून ठेवली होती. फिरोज गांधींनी खासगी सदस्याचे विधेयक आणले. हेतुपुरस्सर द्वेषबुद्धी नसेल आणि वृत्तांत साररूपाने खरा असेल, तर संसदीय कामकाजाची बातमी देणाऱ्या पत्रकारावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ नये, असा त्याचा आशय. १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. संसदेच्या आजवरच्या इतिहासात खासगी सदस्यांची जी अवघी १४ विधेयके कायद्यात रूपांतरित झाली, त्यांतील हे एक. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाला ते भाग्य लाभलेले नाही, हेही येथेच नोंदविलेले बरे.

आता १९५७ कडे वळावे. दुसऱ्या लोकसभेत ४९४ जागांपैकी ३७१ जागा काँग्रेसकडे होत्या. भारतीय जनसंघाचे चार खासदार निवडून आले होते. बलरामपूरहून अटलबिहारी वाजपेयी, हरदोईहून शिवदीन द्रोहर आणि दोघे आजच्या महाराष्ट्रातून. धुळ्याचे उत्तमराव पाटील व रत्नागिरीचे प्रेमजीभाई आसर. चौघांच्या बळावर पर्वताला धडक देता येते, पण पर्वत हलत नाही. त्या प्रचंड बहुमताच्या सरकारला हादरा बसला तो त्याच्याच बाकावरून.

आयुर्विमा महामंडळाने जून १९५७ मध्ये कलकत्त्याचे सट्टेबाज उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटींहून अधिक रुपयांचे समभाग खरेदी केले. मुंबईकरांना ठाऊक असलेली रिचर्डसन अँड क्रुडास ही त्या सहांपैकी एक. जेसप, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन ही अन्य काही नावे. मुंदडा कर्जात बुडालेले होते, त्यांची पत बाजारात उरली नव्हती, आणि नेमक्या त्याच क्षणी सर्वसामान्यांच्या हप्त्यांतून जमलेला पैसा त्यांच्या मदतीला धावून गेला. गुंतवणुकीविषयी सल्ला देण्यासाठी महामंडळाची समिती होती. तिला विचारण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. काही समभागांसाठी तर बाजारभावापेक्षाही अधिक रक्कम मोजली गेली.

लोकसभेत सप्टेंबरमध्ये याविषयी प्रश्न आला तेव्हा वित्त मंत्रालयाचे उत्तर मोघम होते. पुढच्या अधिवेशनातही प्रश्न आला, उत्तर पुन्हा मोघम. संसदीय उत्तरांची ही एक खास शैली आहे. त्यांत खोटे काहीच नसते आणि खरे काहीच सापडत नाही. एखादा सामान्य सदस्य तेथेच थांबला असता. फिरोज गांधी थांबले नाहीत. १६ डिसेंबर १९५७ रोजी ते चर्चेसाठी उभे राहिले तेव्हा आरंभीच त्यांनी सभागृहाला बजावले की आज घाव कठोर पडतील, आणि आपल्यावर त्याहून कठोर प्रतिघात होईल याची आपल्याला कल्पना आहे. समोरच्या बाजूकडेही स्फोटकांचा साठा मुबलक आहे, असे सांगताना त्यांनी त्या स्फोटकाचे तीन अक्षरी नाव अर्थमंत्र्यांच्या आद्याक्षरांशी खुबीने जुळवून घेतले, तेव्हा सभागृहात हशा पिकला असल्यास नवल नाही. पण विनोद तेवढाच. ज्या बलाढ्य वित्तीय संस्थेला संसदेने जन्म दिला तिच्यावर संसदेचीच नजर असली पाहिजे, ही त्यांची मूळ भूमिका होती आणि पुढचे सारे भाषण त्या एका खांबावर उभे होते. समभागांचे भाव खरेदीच्या आधीच्या दिवसांत कसे चढत गेले, कोणत्या दिवशी कोणता आकडा होता, महामंडळाने किती मोजले, हे त्यांनी तारखांसह वाचून दाखविले. अर्थमंत्री आणि त्यांचे प्रधान वित्त सचिव यांच्यातील गोपनीय पत्रव्यवहारही त्यांच्या हाती आलेला होता.

राष्ट्रीयीकरणाच्या बाजूने सर्वाधिक आग्रहाने बोलणारा हाच खासदार होता, हे येथे विसरता कामा नये. राष्ट्रीयीकृत संस्थेचे दोष काढले तर आपलाच सिद्धांत दुबळा ठरेल, असा हिशेब त्याने केला नाही. खासगी मालकाने विमाधारकाला लुबाडले तेव्हा तो जसा बोलला तसाच सरकारी मालकाने लुबाडू दिले तेव्हाही बोलला. समाजवादी धोरणांविषयी या साप्ताहिकाच्या वाचकांचे मत काहीही असो, या सचोटीपुढे मान लवावी अशीच ती आहे.

सरकारला चौकशी मान्य करावी लागली. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. छागलांनी सुनावणी उघड्यावर, लोकांसमक्ष घेतली. मुंबईत त्या सुनावणीला एवढी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिवर्धक लावावे लागले. ज्या शहरातील गिरणगावापासून गिरगावापर्यंतच्या चाळींतून विम्याचे हप्ते भरले जात होते, तेथील कारकून, शिक्षक, दुकानदार आपल्या पैशाचे काय झाले हे ऐकण्यासाठी उन्हात उभे राहिले. केंद्रीय मंत्री साक्षीदार म्हणून प्रश्नांना उत्तरे देत होते. चोवीस दिवसांत अहवाल तयार झाला. आजकाल चौकशी आयोगांना मिळणाऱ्या मुदतवाढी पाहता हा आकडा पुन्हा वाचावासा वाटतो. चोवीस दिवस!

खरेदीचा निर्णय सचिवांनी घेतला, आपण नव्हे, असा अर्थमंत्र्यांचा बचाव होता. छागलांनी तो फेटाळला. आपल्या सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची असते. श्रेय स्वतःकडे आणि दोष अधिकाऱ्याकडे, अशी विभागणी मंत्र्याला करता येत नाही, हा त्या अहवालाचा गाभा. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी पदावरून दूर झाले. अंदाजपत्रक तोंडावर आले होते; ते पंतप्रधान नेहरूंना स्वतः मांडावे लागले. जावयाने विचारलेल्या प्रश्नामुळे सासऱ्याला अर्थसंकल्प वाचावा लागला, असे त्या दिवशी दिल्लीत किती जणांच्या मनात आले असेल! नेहरूंना आपल्या सहकाऱ्याचे जाणे रुचले नव्हते. १९६२ मध्ये त्यांनी कृष्णम्माचारींना पुन्हा मंत्रिमंडळात घेतले आणि १९६३ मध्ये तेच पुन्हा अर्थमंत्री झाले. काँग्रेसी राजवटीतील उत्तरदायित्वाची लांबी-रुंदी या दोन वर्षांवरून मोजता येते. ज्यांच्यावर ठपका ठेवून मंत्री मोकळे होऊ पाहत होते, ते प्रधान सचिव ह. म. पटेल मात्र सेवेतून निवृत्त झाले आणि १९७७ मध्ये जनता सरकारात स्वतः अर्थमंत्री झाले. आणि न्यायमूर्ती छागला? आणीबाणीला त्यांनी निर्भीडपणे विरोध केला आणि डिसेंबर १९८० मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय जनता पक्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या व्यासपीठावर हे वयोवृद्ध न्यायाधीश आवर्जून उपस्थित राहिले. त्या अधिवेशनाला गेलेले जुने कार्यकर्ते आजही त्यांची आठवण काढतात.

कृष्णम्माचारी प्रकरणानंतर फिरोज गांधी स्वस्थ बसले नाहीत. टेल्को रेल्वेला जी इंजिने देते त्यांची किंमत जपानी इंजिनांच्या जवळजवळ दुप्पट आहे, हे त्यांनी सभागृहात दाखवून दिले. टाटा हे पारशी, फिरोज हेही पारशी. ज्ञातीतून नाराजी व्यक्त झाली, पण त्यांनी ती मनावर घेतली नाही. पक्ष, नाते, ज्ञाती या तिन्ही कुंपणांच्या पलीकडे जाऊन प्रश्न विचारता येतो, हे एका माणसाने पाच वर्षांत सिद्ध केले. ८ सप्टेंबर १९६० रोजी दिल्लीच्या विलिंग्डन रुग्णालयात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

यापुढचा भाग प्रत्येक तरुण कार्यकर्त्याला ठाऊक असला पाहिजे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते. अटलजी आणि लालकृष्ण अडवाणी बंगळुरूच्या कारागृहात. जुलैमध्ये भरलेल्या संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित करण्यात आला. तरीही कोणी काही बोललेच तर ते बाहेर पोहोचू नये म्हणून डिसेंबर १९७५ मध्ये एका अध्यादेशाने १९५६ चा तो कायदा रद्द करण्यात आला, आणि १९७६ मध्ये संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. ‘फिरोज गांधी कायदा’ म्हणून जो ओळखला जात होता, तो रद्द करणाऱ्या सरकारच्या पंतप्रधान होत्या इंदिरा फिरोज गांधी. याहून अधिक भाष्य करण्याची गरज नाही. पतीचा वारसा म्हणून रायबरेलीचा मतदारसंघ त्यांनी १९६७ पासून सांभाळला, आजही ते घराणे तो सांभाळते आहे. २०२४ मध्ये राहुल गांधी तेथूनच विजयी झाले. वारशात मतदारसंघ घेतला गेला, प्रश्न विचारण्याचा बाणा मात्र तेथेच मागे राहिला.

तो कायदा पुन्हा जिवंत केला तो जनता सरकारने, १९७७ मध्ये. त्या सरकारात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते लालकृष्ण अडवाणी. पुढे पुन्हा एखाद्या अध्यादेशाने हे संरक्षण पुसले जाऊ नये म्हणून ४४ व्या घटनादुरुस्तीने ३६१-अ हा नवा अनुच्छेद घटनेत घालण्यात आला. काँग्रेसच्या खासदाराने लावलेले, काँग्रेसच्याच सरकारने उपटलेले रोप जनसंघाच्या मुशीतून आलेल्या मंत्र्याच्या कारकिर्दीत पुन्हा रुजविले गेले आणि त्याला घटनेचे कुंपण मिळाले. राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्याने या घटनेचा अभिमान अवश्य बाळगावा.

मात्र अभिमानाबरोबर एक अडचणीचा प्रश्नही येतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१४ पासून केंद्रात ज्या पक्षाचे सरकार आहे तो या वाचकवर्गाचा आपला पक्ष आहे. त्याच्या यशात हजारो घरांनी आपले दिवस, आपली माणसे, आपले पैसे ओतले आहेत. अशा वेळी सत्ताधारी बाकावरील एखादा सदस्य मंत्र्याला अवघड उपप्रश्न विचारतो तेव्हा कार्यकर्त्याच्या मनात पहिली प्रतिक्रिया कोणती उमटते? ‘याला मंत्रिपद मिळाले नाही म्हणून बोलतो आहे’, ‘विरोधकांच्या हाती कोलीत देतो आहे’, अशीच बहुधा. १९५७ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या बाकांवरही नेमकी हीच कुजबुज झाली नसेल कशावरून?

पक्षांतरबंदी कायद्याकडे बोट दाखवून हा विषय निकालात काढला जातो. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षादेश मोडून मतदान करणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात येते, हे खरे. आयाराम-गयारामांना आवरण्यासाठी त्याची गरजही होती. परंतु तो पक्षादेश मतदानाला आहे. तारांकित प्रश्नाला नाही, उपप्रश्नाला नाही, अर्ध्या तासाच्या चर्चेला नाही, संसदीय समितीत अधिकाऱ्यासमोर फाईल मागण्याला नाही. दहाव्या परिशिष्टाने खासदाराचा हात बांधला आहे, जीभ बांधलेली नाही. ती आपणहून बांधून घेण्याची सवय मात्र सर्वच पक्षांत बळावली आहे.

काही आकडे समोर ठेवले पाहिजेत. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या. २०१९ ते २०२४ या काळातील सतराव्या लोकसभेच्या २७४ झाल्या. पूर्ण मुदत लाभलेल्या लोकसभांमध्ये ही संख्या सर्वांत कमी. महासाथीचा काळ त्यात मोडतो, हे मान्य. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास घेतला गेला नाही, लेखी उत्तरे मात्र दिली गेली. त्या वेळची परिस्थिती अपवादात्मक होती आणि आणीबाणीशी तिची तुलना करणाऱ्या पुरोगामी मंडळींनी आधी १९७५ चा इतिहास तपासावा. तरीही तास गेला तो गेलाच. खासदार सभागृहात येऊन बसू शकत होते, विधेयके संमत होत होती, तर मंत्र्यांना एक तास उभे करता आले असते, असे कोणी म्हटले तर त्याला देशद्रोही ठरवून चालणार नाही.

आणि प्रश्नांच्या संदर्भात २००५ ची आठवण काढणे वेदनादायक असले तरी आवश्यक आहे. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात त्या वर्षी डिसेंबरमध्ये अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. त्यांतील सहा भारतीय जनता पक्षाचे होते. आणि त्या सहांतील दोघे खानदेशातून निवडून आलेले, म्हणजे ज्या भूमीने १९५७ मध्ये उत्तमराव पाटलांना दिल्लीला पाठविले त्याच भूमीतून. गोपनीय कागद मिळवून सरकारला हादरविणारा एक प्रश्न आणि पाकिटासाठी विचारलेला एक प्रश्न, दोन्ही त्याच सभागृहाच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्याच टंकात छापले जातात. फरक ओळखणारा कोणी तरी मतदारसंघात जागा असावा लागतो.

तो जागा ठेवण्याची एक पद्धत याच परिवाराने घालून दिली होती. १९५७ मध्ये, फिरोज गांधी दिल्लीत आकड्यांची जुळवाजुळव करीत असताना, मावळातून रामभाऊ म्हाळगी विधानसभेत निवडून आले होते. पुढे ते पुण्यातून आमदार आणि ठाण्यातून खासदार झाले. आपण सभागृहात काय केले याचा लेखी अहवाल मतदारांना सादर करण्याचा त्यांचा परिपाठ होता. मतदाराने विचारावे याची वाट न पाहता आपणहून हिशेब द्यावयाचा, हा स्वयंसेवकाचा स्वभाव त्यांनी राजकारणात आणला. राम नाईक यांनी तो वर्षानुवर्षे चालविला. म्हाळगींच्या नावाने उभी राहिलेली प्रबोधिनी भाईंदरजवळ उत्तनला लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते. सरकारने सभागृहाला उत्तर द्यावे आणि सदस्याने मतदाराला, या दोन कड्या एकमेकींत अडकविलेल्या आहेत. एक तुटली की दुसरी लोंबकळत राहते.

आजही अनेक खासदार-आमदार गुळगुळीत कागदावर कार्यअहवाल काढतात. त्यांत भूमिपूजनांची छायाचित्रे असतात, पंतप्रधानांसमवेतचे छायाचित्र असते, मंजूर करून आणलेल्या निधीचे आकडे असतात. त्यास हरकत असण्याचे कारण नाही. रस्ता झाला तर तो सांगितलाच पाहिजे. पण पुढच्या वेळी असा अहवाल घरी आला तर कार्यकर्त्याने त्यात एक पान शोधून पाहावे. आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला या सदस्याने कोणते प्रश्न विचारले, उत्तर काय मिळाले, उत्तर मोघम असेल तर दुसऱ्यांदा काय विचारले? आयुर्विमा महामंडळाने गीतेतील योगक्षेमाचे वचन आपले बोधवाक्य म्हणून स्वीकारले आहे, मुंबईतील मुख्यालयाचे नावही तेच आहे, आणि महामंडळाची पॉलिसी आपल्या बहुतेक वाचकांच्या कपाटात असेल. २०२२ मध्ये त्या महामंडळाचे समभाग बाजारात आले, तेव्हा कित्येक मध्यमवर्गीय घरांनी ते घेतले. त्या पैशाच्या गुंतवणुकीविषयी आपल्या खासदाराने कधी एखादा प्रश्न विचारला का, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रश्नकर्त्याच्या नावाने शोधता येते. जिल्ह्याच्या पुढील बैठकीत तो खासदार उपस्थित असेल, तर चहाच्या वेळी त्याला तेवढे विचारून घ्यावे.